मोजणी बदलल्यावाचून वैर निवळणार नाही

जळगाव आणि धुळे या खानदेशातील दोन प्रमुख नगरांच्या राजकारणात जे दोन तट पडले आहेत, त्यांची नावे निवडणुकीगणिक बदलत असतात. कालचा मित्र आज पलीकडच्या तटात दिसतो आणि कालचा शत्रू व्यासपीठावर शेजारी येऊन बसतो. माणसे अशी इकडून तिकडे जात असली, तरी तट दोनच राहतात आणि त्यांच्यामधील कटुता उत्तरोत्तर वाढत जाते. या कटुतेवर सुबुद्ध नागरिकांकडून नेहमी एकच उपाय सुचविला जातो: पुढाऱ्यांनी मन मोठे करावे, निवडणूक संपताच पक्षभेद विसरावेत आणि नगराच्या हितासाठी एकत्र यावे. उपदेश निर्दोष आहे. पण तो आजवर फळास आलेला नाही आणि यापुढे येईल असे आम्हांस वाटत नाही. ज्या खेळात जिंकणाराच्या पदरी सर्वस्व आणि हरणाराच्या पदरी शून्य पडते, त्या खेळात खेळाडूंच्या सौजन्यावर विसंबणे म्हणजे बाभळीखाली बसून आंब्याची वाट पाहणे होय. दोष केवळ माणसांचा नाही. मते मोजण्याच्या आणि सत्ता वाटण्याच्या पद्धतीचाही तो आहे. आणि माणसांचे स्वभाव बदलणे आपल्या हाती नसले, तरी पद्धत बदलणे खास आपल्या हाती आहे.

जळगावचा अलीकडचा इतिहास पाहावा. ऑगस्ट २०१८ मधील महापालिका निवडणुकीत ७५ पैकी ५७ जागा भारतीय जनता पक्षास मिळाल्या. शिवसेनेस १५ आणि एमआयएम पक्षास ३ मिळाल्या. याहून निर्विवाद बहुमत ते कोणते? तथापि अडीच वर्षांनी, १८ मार्च २०२१ रोजी, त्याच सभागृहाने महापौर निवडला तेव्हा शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी विजयी झाल्या. सत्ताधारी पक्षाच्या ५७ पैकी २७ नगरसेवकांनी पक्षादेश बाजूस सारला होता. या घटनेचे कोणी सूड म्हणून स्वागत केले, कोणी विश्वासघात म्हणून तिचा धिक्कार केला. आम्हांस यांतील कोणाचीच बाजू घ्यावयाची नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मतदारांनी २०१८ मध्ये जे सांगितले ते सभागृहाने २०२१ मध्ये उलटे केले, आणि दोन्ही वेळी मतदाराला विचारण्याची गरज कोणास भासली नाही.

धुळ्याची स्थिती निराळी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तेथे ७४ पैकी ५० जागा एकाच पक्षाकडे गेल्या. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा जळगाव जिल्ह्यातील अकराच्या अकरा आणि धुळे जिल्ह्यातील पाचच्या पाच जागा महायुतीने जिंकल्या. विजय मोठा होता आणि तो नियमानुसारच मिळाला होता. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु या सोळाही मतदारसंघांत ज्यांनी पलीकडे मत दिले ते लाखो नागरिक काही एका रात्रीत नाहीसे झाले नाहीत. विधानसभेत त्यांच्या जिल्ह्याच्या वतीने विरोधी बाकावरून बोलणारा एकही आमदार उरला नाही, इतकेच.

याच पद्धतीचे दुसरे टोक त्याच वर्षी लोकसभेच्या धुळे मतदारसंघात दिसले. तेथील सहा विधानसभा क्षेत्रांपैकी पाचांत भाजपचे सुभाष भामरे आघाडीवर होते. सहाव्या, म्हणजे मालेगाव मध्य क्षेत्राने मात्र असा कौल दिला की काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. निकाल कायदेशीर होता, पण त्याने जनमानसात काय पेरले ते पाहावे. पाच क्षेत्रांतील बहुसंख्यांस वाटले की, आपला पराभव एका वस्तीने केला. आणि त्या वस्तीतील लोकांनी धडा घेतला की, एकगठ्ठा मत दिल्यावाचून आपला आवाज कोठेच ऐकू जात नाही. दोन्ही समजुती एकमेकींना खतपाणी घालतात. एकच जागा, एकच विजेता आणि बाकीचे सारे पराभूत, अशी रचना असली की पक्षभेदाचे धर्मभेदात रूपांतर व्हावयास वेळ लागत नाही. धुळे शहराने या प्रकारची किंमत यापूर्वी मोजलेली आहे.

आता महापालिकेच्या मतपत्रिकेकडे वळू. तेथे प्रभागात एक नव्हे, सामान्यतः चार जागा असतात. चार जागा असल्या म्हणजे निरनिराळ्या मतांच्या लोकांना त्यांत वाटा मिळेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. अ, ब, क आणि ड अशा चार स्वतंत्र जागा धरल्या जातात, मतदार चार मते देतो आणि प्रत्येक जागेचा निकाल वेगळा लागतो. समजा, एका प्रभागात दहा हजार मतदारांनी मतदान केले. त्यांपैकी साडेचार हजार एका पक्षाचे, तीन हजार दुसऱ्याचे आणि अडीच हजार तिसऱ्याचे आहेत. ‘पॅनेल टू पॅनेल’ मतदान झाले, तर पहिला पक्ष चारही जागा घेऊन जातो. साडेपाच हजार मतदारांनी ज्याला नाकारले, तोच त्या प्रभागाचा एकमेव धनी होतो. असे एकोणीस प्रभाग एकत्र आले की अल्पशा आघाडीचे प्रचंड बहुमत बनते. एका जागेच्या प्रभागात निदान एखाद्या गल्लीचा स्वतंत्र माणूस निवडून येण्याची आशा असे. चारांच्या प्रभागाने तीही मावळली.

या रचनेतून दोन विकार एकदम उत्पन्न होतात, आणि ते परस्परविरुद्ध भासत असले तरी मुळात सख्खे भाऊ आहेत. पहिला विकार वैराचा. सर्वस्व जाणार असेल तर निवडणूक सर्वस्व पणाला लावूनच लढली जाते. दुसरा विकार साटेलोट्याचा. निवडणुकीत हरलेल्यास सभागृहात काहीच काम उरत नाही, म्हणून तो दाराआड तडजोड करतो. ज्या जिल्ह्यात सभांमधून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, त्याच जळगाव जिल्ह्यात २०१५ साली मध्यवर्ती सहकारी बँकेच्या निवडणुकीत सर्वपक्षीय पॅनेल उभे राहिले होते. दिवसा शत्रुत्व आणि रात्री समझोता, हा पुढाऱ्यांच्या चारित्र्याचा प्रश्न आहेच. पण उघड, जबाबदार सहकार्याला जागा ठेवली नाही म्हणजे सहकार्य चोरवाटेने येते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आम्हांस जे सहकार्य अभिप्रेत आहे त्यात विरोधक विरोधकच राहतो. मात्र त्याला अधिकार असतो आणि हिशेब तपासण्याचे कामही असते.

विरोध नसलेल्या सभागृहाची किंमत काय पडते, हे जळगावकरांस सांगावयास नको. घरकुल योजना नव्वदीच्या दशकात, नगरपालिकेच्या काळात सुरू झाली. तिच्याविषयीची फिर्याद २००६ मध्ये दाखल झाली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्यांत अनेक माजी लोकप्रतिनिधी होते. या निकालावर पुढे अपिले झाली. तो कायद्याचा विषय आहे आणि तो आम्ही न्यायालयांवर सोपवितो. आम्हांस वेगळेच खटकते. जो हिशेब जळगावच्या सभागृहात दरसाल विचारला जावयास हवा होता, तो फिर्यादीनंतर तेरा वर्षांनी धुळ्याच्या न्यायालयात मांडला गेला. कर्जाचे हप्ते, अर्धवट इमारती आणि खड्ड्यांचे रस्ते यांच्या रूपाने मधल्या काळाचे व्याज नागरिकांनी भरले.

मग करावयाचे काय? आमची पहिली सूचना अगदी साधी आहे. प्रभाग चारांचाच राहू द्यावा, मतदाराने मात्र चार मते न देता पसंतीचे एकच मत द्यावे. आपल्या आवडीच्या उमेदवारापुढे त्याने १ लिहावे, त्यानंतरच्या पसंतीपुढे २, मग ३. दहा हजार मते आणि चार जागा असतील तर २,००१ मते मिळविणारा निवडून आला असे धरावे. त्याच्याकडील जादा मते, तसेच तळाच्या उमेदवाराची मते, मतदाराने लिहिलेल्या पुढील पसंतीकडे वळवावीत. वरच्याच उदाहरणात पक्षाबाहेर पसंती गेली नाही असे धरले, तर पहिल्या पक्षास दोन जागा मिळतात आणि उरलेल्या दोघांस प्रत्येकी एक. कोणाचेही सर्वस्व जात नाही आणि कोणी शून्यावर येत नाही.

जागांच्या न्याय्य वाटणीहूनही या पद्धतीचा दुसरा लाभ आम्ही मोठा मानतो. या पद्धतीत उमेदवारास स्वतःच्या अनुयायांच्या पहिल्या पसंतीबरोबरच परक्या गोटातील मतदारांची दुसरी-तिसरी पसंतीही लागते. ज्या वस्तीला त्याने कालच्या सभेत शिव्या दिल्या, तिच्या दारात त्याला आज दुसऱ्या पसंतीसाठी जावे लागते. सौजन्य हा तेथे सद्गुण राहत नाही, ती गरज होते. गरजेतून आलेले सौजन्य उपदेशातून आलेल्या सौजन्याहून अधिक काळ टिकते, असा जगाचा अनुभव आहे.

ही पद्धत खानदेशास अपरिचितही नाही. विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत जळगाव व धुळे जिल्हे येतात. तेथे आमचे वाचक असलेले कितीतरी पदवीधर आणि शिक्षक कागदी मतपत्रिकेवर, आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने, १, २, ३ असे आकडे लिहितात. राज्यसभेचे सदस्य आणि देशाचे राष्ट्रपती याच रीतीने निवडले जातात. जी पद्धत राष्ट्रपतीस चालते ती नगरसेवकास का चालू नये?

बाहेरचे दाखलेही बोलके आहेत. आयर्लंडमधील स्लायगो हे गाव कर्जात बुडाले होते. त्याच्या नगरसभेची निवडणूक १५ जानेवारी १९१९ रोजी या पद्धतीने घेतली गेली, ती अशासाठी की, कर भरणाऱ्या अल्पसंख्य गटासही सभागृहात स्थान मिळावे आणि कारभारावर सर्वांचा विश्वास बसावा. उत्तर आयर्लंडने १९२२ मध्ये आपल्या स्थानिक निवडणुकांतून ही पद्धत काढून टाकली. त्यानंतर डेरी शहरात लोकसंख्येने अधिक असलेला समाज प्रभागांच्या कावेबाज आखणीमुळे नगरसभेत पिढ्यानपिढ्या अल्पमतात राहिला, आणि १९६८ मध्ये असंतोषाचा भडका उडाला तो त्याच शहरात. १९७३ मध्ये ती पद्धत परत आणावी लागली. स्कॉटलंडने २००७ पासून आपल्या साऱ्या स्थानिक संस्थांत ती स्वीकारली. तेथील प्रभाग तीन किंवा चार जागांचे होते, म्हणजे जवळजवळ आपल्यासारखेच. त्या वर्षी तेथे एकही जागा बिनविरोध गेली नाही. बिनविरोध निवडीचे पेव फुटलेल्या महाराष्ट्रास या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या सूचनेवर आक्षेप येतील, आणि त्यांतील सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेला आहे. जानेवारी १९४९ मध्ये घटनासमितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हा त्यांनी दोन कारणांसाठी तिला विरोध केला. एक, या पद्धतीस निदान आकडे ओळखणारा साक्षर मतदार लागतो. दोन, नव्या राष्ट्राची पहिली गरज स्थिर शासनाची आहे. दोन्ही कारणे त्या काळी यथार्थ होती. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता अवघी १८ टक्क्यांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यातील साक्षरता तीन-चतुर्थांशाहून अधिक निघाली, आणि आज भ्रमणध्वनीवर अंक दाबू न शकणारा माणूस शोधून काढावा लागेल. शिवाय बाबासाहेबांचा मूळ हेतू विसरता कामा नये. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती. अल्पसंख्यांस स्वबळावर प्रतिनिधी निवडता यावा, हेच त्या मुभेचे मर्म होते, आणि बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने ती निवडणूक याच नियमाखाली लढविली. आजचा चारांचा प्रभाग मतदारास चार मते देतो, ही मुभा मात्र देत नाही.

स्थैर्याच्या आक्षेपाचे उत्तर जळगावनेच दिलेले आहे. ७५ पैकी ५७ जागांचे बहुमत पूर्ण मुदतभरही टिकले नाही. स्थैर्य जर प्रचंड बहुमताने येत असते, तर ते तेथे यावयास हवे होते. फुगलेले बहुमत आतून पोकळ असते. ज्याला घरात वाटा मिळत नाही तो घर सोडण्याची संधी शोधीत राहतो. उलट, ज्या सभागृहात कोणाकडेच बहुमत नाही, तेथे निवडणुकीनंतर कार्यक्रम लिहून, सह्या करून आणि लोकांसमक्ष मांडून आघाडी करावी लागते. तीही मोडू शकते. पण मोडली तर कोणी मोडली हे लोकांस कळते.

आरक्षणाचे काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. महिलांच्या निम्म्या जागा आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय यांचे आरक्षण यांस किंचितही धक्का लागता कामा नये, अशी आमची अट आहे. मोजणीत एवढाच नियम घालावा लागेल की, एखाद्या राखीव गटाचे उमेदवार त्या गटाच्या जागांइतकेच उरले म्हणजे त्यांस बाद करता येणार नाही. यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज दिसत नाही. नगरसेवक प्रभागांतून प्रत्यक्ष निवडले जावेत, असे राज्यघटना सांगते. मते कोणत्या रीतीने मोजावीत, हे तिने राज्याच्या कायद्यावर सोडले आहे. महापालिकांच्या समित्यांवर पक्षांच्या संख्याबळानुसार सदस्य नेमण्याचे तत्त्व आपल्या कायद्याने मान्य केलेलेच आहे. जे तत्त्व समितीच्या खोलीत चालते ते मतदान केंद्रापर्यंत न्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.

दुसरी सूचना हिशेबाविषयी. आजच्या कायद्यानुसार महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आढळलेल्या अनियमितता स्थायी समितीस कळवितो. म्हणजे ज्या समितीने निविदा मंजूर करावयाच्या, तिनेच त्यांतील दोषांचा अहवाल वाचावयाचा. लोकसभेत लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत १९६७ पासून पाळला जातो. प्रत्येक महापालिकेत अशी लेखा समिती असावी, तिचे अध्यक्षपद कायद्यानेच विरोधी गटाकडे द्यावे आणि तिचा अहवाल वर्षातून एकदा खुल्या सभेत वाचला जावा. हरलेल्यास शिव्या देण्यापलीकडे काही काम मिळाले की त्याची भाषाही सुधारते.

तिसरी सूचना नियम बदलण्याच्या नियमाविषयी आहे, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन व्यर्थ ठरतील. महापालिकांच्या २०१२ च्या निवडणुकांत प्रभाग दोनांचा होता, २०१७ मध्ये तो चारांचा झाला. सरकार बदलल्यावर एकाचा ठरला, २०२१ मध्ये तीनांचा आणि २०२२ मध्ये पुन्हा चारांचा. नगराध्यक्षाची थेट निवडणूक २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. ज्याच्या हाती सत्ता त्याने आपल्या सोयीचे मैदान आखावे, असा हा पोरखेळ चालला आहे. त्यात आरक्षणाचा न्यायालयीन वाद मिसळला आणि २०२३ मध्ये मुदत संपल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ जळगाव व धुळे येथे नगरसेवकच नव्हते. प्रशासकांनी कारभार पाहिला. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले तेव्हा कोठे नागरिकांस प्रतिनिधी लाभले. म्हणून आमचे म्हणणे असे की, निवडणुकीची पद्धत बदलणारा कोणताही कायदा विधिमंडळाच्या दोन्ही बाजूंच्या संयुक्त समितीपुढे जावा आणि मंजूर झाला तरी तो लगतच्या नव्हे, त्यापुढील निवडणुकीपासून लागू व्हावा. उद्या आपण कोणत्या बाकावर असू हे ठाऊक नसलेला माणूसच न्याय्य नियम करतो.

या सुधारणांनी रामराज्य अवतरेल, असा आमचा भ्रम नाही. पैशाचा प्रभाव राहील, जातीची गणिते राहतील, आणि पक्षांतराचा रोग केवळ मोजणीने बरा होणारा नाही. तसेच पक्षांनी आपले मतभेद गुंडाळून ठेवावेत, असेही आम्ही म्हणत नाही. मतभेद हा लोकशाहीचा प्राण आहे. प्रश्न आहे तो मतभेद असूनही एकत्र काम करता येते की नाही हा. खानदेशच्या माणसाला ते जमते, याची साक्ष इतिहासात आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि जनसंघ एका समितीत आले होते, आणि १९५७ मध्ये धुळ्याने जनसंघाचे उत्तमराव पाटील यांस लोकसभेत पाठविले. विचारांची इतकी टोके एकत्र आली ती कोणी मन मोठे करण्याचा उपदेश केला म्हणून नव्हे. एकत्र आल्यावाचून कार्यभाग होणार नाही अशी परिस्थितीच होती म्हणून. तशी परिस्थिती कायद्याने निर्माण करणे, हेच संस्थासुधारणेचे काम असते.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचे सोळाही आमदार आज एकाच बाजूचे आहेत. त्यांच्या पक्षांस सध्याच्या पद्धतीचा लाभ झालेला आहे, आणि म्हणूनच ती बदलण्याची सूचना त्यांच्याकडून आली तर तिच्या प्रामाणिकपणाविषयी कोणी शंका घेऊ शकणार नाही. हरलेल्याने नियम बदला म्हटले तर तो रडीचा डाव ठरतो. जिंकलेल्याने म्हटले तर ती राजनीती ठरते. पसंतिक्रमाचा प्रयोग प्रथम या दोन महापालिकांत व्हावा, असा ठराव त्यांनी विधानसभेत मांडावा आणि विरोधी बाकांवरून त्यास पाठिंबा मिळावा. सुशिक्षित नागरिकांनीही केवळ राजकारणास नाके मुरडीत न बसता आपल्या आमदारास याविषयी प्रश्न विचारावा. प्रभागात पाणी किती दिवसांआड येते, एवढे विचारून भागणार नाही. ते पाणी आणणाऱ्या खर्चाचा हिशेब तपासण्यासाठी सभागृहात दुसरा माणूस बसलेला आहे की नाही, हेही आपण विचारावयास शिकले पाहिजे.